दातांनी ऐकणारे गावंडे सर

गावंडे सर फार हळू बोलत. इतकं हळू, की ऐकणाऱ्याला आपोआप एक पाऊल पुढे सरकावं लागे. आमचा शिपाई म्हणायचा, "सर बोलते का मंतर मारते, काही समजत नाई." मुलांवर ओरडताना त्यांना मी कधी पाहिलं नाही. अर्थात ओरडायला त्यांच्यासमोर मुलंच उरली नव्हती.

दारव्ह्याच्या एका तांत्रिक शाळेत मी संगणक शिकवायला रुजू झाले, तेव्हा कापसाची वाईट वर्षं चालू होती. वेचणी झाली की कापूस घरात भरून ठेवायचा आणि भाव चढायची वाट पाहायची, एवढंच काम गावोगाव चाललं होतं. भाव काही चढत नव्हता. मुलं वर्ग सोडून पुण्याकडे, सुरतेकडे निघून जात. त्यात सरांचा वर्ग रेडिओदुरुस्तीचा. रेडिओ दुरुस्त करून पोट भरेल असं आता कुणालाच वाटत नव्हतं. हजेरीपटावर चार नावं होती आणि ती चौघंही गावात नव्हती. सर मात्र रोज साडेदहाला वर्कशॉपचं कुलूप काढत, बाही कोपरापर्यंत दुमडत आणि खिडकीजवळच्या लांब टेबलाशी बसत. टेबलावर तांब्याच्या तारेची रिळं, काळे पडलेले ट्रान्सफॉर्मर आणि जुन्या ॲम्प्लिफायरमधले काचेचे व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून ठेवलेले.

या व्हॉल्व्हना जगायला तीन-सव्वातीनशे व्होल्टची सरळ, स्थिर वीज लागते. खांबावरून घरात येते ती वीज डोलणारी. तिला सरळ करून व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारा जो भाग, तो पॉवर सप्लाय. तो नीट नसेल तर गाण्याच्या मागे सतत घूं असा आवाज येत राहतो. लोक ॲम्प्लिफायरच्या आवाजाचं कौतुक करायचे. सरांचा सगळा जीव या खालच्या, कुणी पाहत नाही अशा भागात होता. म्हणायचे, "भाकर सारेच वाखाणते मॅडम. जातं कोणी वाखाणते का?"

पहिल्यांदा ते माझ्या खोलीत आले ते आलेखाच्या कागदांची गुंडाळी घेऊन. दारातच उभे राहिले. म्हणाले, "तुमच्या मशीनमंदी ट्रान्सफॉर्मर बसते का?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांनी कागद पसरले. प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं काढलेल्या वळणदार रेषा होत्या. वीज सोडल्यावर पहिल्या सेकंदात व्होल्टेज कसं चढेल, कुठे डगमगेल, कुठे थांबेल, याचं हातानं केलेलं गणित. एका कागदाला त्यांना तीन-चार दिवस लागत. संगणकावर असं सर्किट काढून, त्यात वीज सोडल्याचं नाटक करता येतं, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं.

मी पुण्याच्या मैत्रिणीकडून तसा प्रोग्रॅम सीडीवर मागवला. तो आला त्या दिवशी सर नवा शर्ट घालून आले होते. मी सर्किट काढलं, ट्रान्सफॉर्मरला दोनशे तीस व्होल्ट दिले आणि बटण दाबलं. पडद्यावर रेष सरसर चढली आणि सुतासारखी सरळ झाली. मी खूश.

सरांनी मान हलवली. "हे दारव्ह्याची लाईन नोय. मुंबईची होय."

मग खिशातून एक वही काढली. दोन वर्षं रोज, दर दोन तासांनी, त्यांनी घरी नाहीतर वर्कशॉपमध्ये विजेचं व्होल्टेज मोजून लिहिलं होतं. सकाळी दोनशे पंचवीस. हरभऱ्याला पाणी सुरू झालं, आजूबाजूचे सगळे पंप एकदम चालले, की एकशे पंचावन्न. पंप बंद झाले की एकदम अडीचशेच्या वर. "एकशे पंचावन्नवर गायला पायजे आन् अडीचशेवर फुटला नाई पायजे," सर म्हणाले. "असा सप्लाय काढाचा आहे आपल्याले. आन् मॅडम, हा तुमचा ट्रान्सफॉर्मर खोटा आहे. याले तांब्याचा रेझिस्टन्स नाई. इतका गुणाचा ट्रान्सफॉर्मर जगात नसते."

त्यानंतर वर्षभर, वीज असेल त्या वेळात, ते माझ्याकडे येत राहिले. आधी कागदावर, मग पडद्यावर, आणि पडद्यावर दहा वेळा जाळून झालं की मगच टेबलावर. टेबलावर काम करताना त्यांचा डावा हात नेहमी पँटच्या खिशात असे. तीनशे व्होल्ट एका हातातून दुसऱ्या हातात गेले तर वाटेत काळीज लागतं, म्हणून. वीज बंद केल्यावरही ते लगेच हात लावू देत नसत. कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. "बंद केलं म्हंजे मेलं असं नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आणखी एक सवय होती. ट्रान्सफॉर्मर चालू केला की ते लाकडी फूटपट्टीचं एक टोक त्याच्यावर टेकवत आणि दुसरं टोक दातांत धरत. डोळे मिटून मिनिटभर तसेच बसत. आम्ही सगळे ही जुन्या कारागिराची खूण समजायचो. शिपाई तर पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणायचा, "पाहा, आमचे सर दातानं ऐकते."

त्याच हिवाळ्यात जवळच्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारात कापसाची खरेदी सुरू झाली. बैलगाड्यांची रांग रस्त्यावर आलेली. माणसं तीन-तीन दिवस गाडीखालीच झोपत. कर्ण्यावरून नंबर पुकारत, पण कर्ण्यामागचा ॲम्प्लिफायर जुनाट, आणि त्याची घूं इतकी मोठी की नंबर त्यात बुडून जाई. एका म्हाताऱ्याला स्वतःचा नंबर ऐकूच आला नाही. त्याची गाडी पुन्हा रांगेच्या शेवटी गेली. चहाच्या टपरीवर तो सरांना सांगत होता, "अठ्ठ्याहत्तर म्हणे का अठ्ठ्याऐंशी म्हणे, काही समजलं नाई बापा. मी तं तिथंच उभा होतो."

सरांनी चहा तसाच ठेवला. कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेले आणि तो ॲम्प्लिफायर सायकलच्या कॅरिअरला बांधून वर्कशॉपमध्ये आणला. दुपारपर्यंत सुकलेले कंडेन्सर बदलले, घूं अडवणारी तारेची एक गुंडाळी, म्हणजे चोक, वाढवला आणि संध्याकाळच्या आत जागेवर नेऊन बसवला. पुढचा आठवडाभर ते रोज तिथे जात होते. कर्ण्याखाली उभं राहून प्रत्येक गाडीवानाला विचारत, "नंबर साफ ऐकू येते का? घूं तं नाई ना?" गाडीवान म्हणायचे, "साफ येते, सर." तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. मला तेव्हा त्यांच्या चिकाटीचं नवल वाटलं होतं.

सर एकटे राहत. त्यांची बायको, कुसुमताई, अकोल्याला मुलाकडे असायची. का, ते कुणी विचारत नसे. सुटीच्या दिवशीही वर्कशॉपच्या खिडकीतून त्यांचं डोकं दिसायचं. मीही भाड्याच्या खोलीत एकटीच होते, म्हणून असेल, मला ती खिडकी उघडी दिसली की बरं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी नागपूरचे एक वकील आले. जुन्या तबकड्यांचे शौकीन. दारव्ह्यात कुणी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर नव्यानं बांधून देतं हे त्यांच्या कानावर गेलं होतं. सरांनी त्यांच्यासाठी आठ महिने खपून एक ॲम्प्लिफायर तयार केला. त्याच्या सप्लायचे आम्ही पडद्यावर किती प्रयोग केले असतील! शेवटी सप्लायची रेष इतकी सरळ झाली, की तिच्यातला डोल पाहायला मला पडद्यावरचं चित्र हजारपट मोठं करावं लागलं. सरांनी त्या पानाची छापील प्रत काढून भिंतीवर लावली.

वकीलसाहेब ठरल्या दिवशी गाडी घेऊन, चार तबकड्या घेऊन आले. सरांनी बटण दाबलं, व्हॉल्व्ह तांबूस झाले. तबकडी लावण्याआधी वकीलसाहेब स्पीकरजवळ वाकले आणि अदबीनं म्हणाले, "सर, जरा घूं येतेय ना?"

"नाई," सर म्हणाले. "अर्धा मिलिव्होल्टसुद्धा नाई. हे पाहा." त्यांनी भिंतीवरचा कागद दाखवला.

"कागदावर नसेल. पण येतेय. बारीक आहे." मग वकीलसाहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हाला येतेय ऐकू?"

सर माझ्याकडे पाहत होते. घूं येत होती. पंख्याच्या आवाजाएवढीही नव्हती, पण होती. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. मी म्हणाले, "हो. थोडी येतेय."

सरांनी खाली वाकून फूटपट्टी उचलली, ट्रान्सफॉर्मरला लावली, दातांत धरली. मग स्पीकरला लावली. मग पुन्हा ट्रान्सफॉर्मरला. कपाळावर घाम आला होता. वकीलसाहेब भला माणूस. म्हणाले, "घाई नाही सर. मी महिन्याभरानं येतो." तबकड्या तिथेच ठेवून गेले.

चार दिवस वर्कशॉपला कुलूप होतं. पाचव्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. बराच वेळ फाटक वाजवलं. मग लक्षात आलं, ते माझ्याकडे पाठ करून अंगणातल्या बाजेवर बसले आहेत, आणि फाटक नुसतं ढकललं तरी उघडतं. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा ते दचकले.

"सर, तुम्हाला ऐकू येत नाही," मी म्हणाले. विचारलं नाही, सांगितलंच.

त्यांनी शेजारची खुर्ची दाखवली. "येते. कमी येते. कानातलं हाड आखडून राह्यलं, असं डॉक्टर म्हणे. खालचे आवाज आधी जाते. घूं गेली, मंग ढोलकी गेली, मंग माणसाचे आवाज. डाव्याचं ऑपरेशन केलं नागपुरात, तं तो कान पुरताच गेला. म्हणून उजव्याले हात लावू देल्ला नाई."

"कुणाला ठाऊक आहे?"

"तुमाले. आता."

अशा माणसाला स्वतःचा आवाज डोक्याच्या आतून मोठा ऐकू येतो, म्हणून ते हळू बोलत. आम्हाला वाटायचं, सर मृदू आहेत. ट्रान्सफॉर्मरची थरथर दातांवाटे हाडात जाऊन त्यांना कळायची. स्पीकरमधून हवेत येणारी घूं कळत नव्हती. आणि ती पडद्यावरची रेष त्यांना का हवी होती, तेही मला त्या अंगणात समजलं. जे कानांना येत नव्हतं ते डोळ्यांनी पाहून घ्यायला ते माझ्याकडे येत होते. जाताना त्यांनी हात जोडले. "कोणाले सांगजा नका, मॅडम." मी शब्द दिला.

घूं कुठून येत होती ते दुसऱ्या दिवशी सापडलं. सप्लाय निर्दोष होता. पण आवाज बाहेर देणारा ट्रान्सफॉर्मर विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या अगदी शेजारी बसवला होता, आणि एकाचं चुंबकत्व दुसऱ्यात उतरत होतं. संगणकाला हे कळणार कसं? पडद्यावर कुणी कुणाच्या शेजारी बसत नाही. आता उपाय एकच होता, लोखंडाचा तो गोळा थोडा थोडा फिरवत ऐकायचं आणि जिथे आवाज नाहीसा होईल तिथे पक्का करायचा. त्याला कान हवेत.

आम्ही अकराला बसलो. दोनपर्यंत वीज होती. सरांनी सगळे व्हॉल्व्ह काढून ठेवले, फक्त विजेच्या ट्रान्सफॉर्मरला लाईन दिली, आणि दुसऱ्याला जोडलेले हेडफोन माझ्या कानांवर चढवले. खूण ठरली. आवाज मोठा असेल तर पाच बोटं, कमी झाला तर कमी बोटं, नाहीसा झाला की मूठ. सर एका हातानं ट्रान्सफॉर्मर केसभर फिरवत आणि माझ्या हाताकडे पाहत. पाच. पाच. चार. पुन्हा पाच. त्यांनी कधी एखाद्या माणसाच्या हाताकडे इतकं लक्ष देऊन पाहिलं असेल असं मला वाटत नाही. तीन. दोन. बराच वेळ एकावर अडलं. मग त्यांनी तो गोळा जरासा तिरपा केला, आणि माझी मूठ मिटली.

त्यांनी तिथेच पेन्सिलीनं खूण केली. मी हेडफोन काढायला गेले तर म्हणाले, "थांबा. आता काय ऐकू येते?"

"काही नाही सर. गेली घूं."

"ते समजलं. काहीच नसते तेव्हा काय ऐकू येते?"

मी हेडफोन एका कानावरून सरकवला आणि ऐकू लागले. "बाहेर कोणी झाडतंय. खराटा आहे."

"आणखी?"

"शेरडू ओरडतंय. पलीकडे हातपंप चालतोय. त्याची कडी कुरकुरतेय."

"दर खेपेले का मधून मधून?"

"दर खेपेला. वर जाताना."

सर मान हलवत होते. डोळे माझ्या ओठांवर होते. "सांगा," म्हणाले. मी जवळजवळ वीज जाईपर्यंत सांगत राहिले. जीपमध्ये प्रवासी भरणाऱ्याची हाक, पत्र्यावर उड्या मारणारे साळुंकीचे पाय, शेजारच्या वर्गात कुणीतरी चुकीचा म्हटलेला पाढा. इतके आवाज त्या खोलीत येतात हे मलाही ठाऊक नव्हतं.

वकीलसाहेब ॲम्प्लिफायर घेऊन गेले. दोन महिन्यांनी, एका लग्नासाठी कुसुमताई दारव्ह्याला आल्या आणि सरळ माझ्या खोलीत शिरल्या. उंच, सावळ्या, पदर खोचलेल्या. "ते कॉम्प्युटरवाले मॅडम तुमीच का? म्हटलं पाहून तं येऊ, हा माणूस कोणासंग बोलते."

मी त्यांना बसवलं. त्या बोलत सुटल्या. "पंधरा वर्सं भिताडाशी बोलली मी. काही विचारा, 'हो हो' म्हणे. भाजी काय आणू? हो हो. पोराले ताप आला. हो हो. एक दिवस म्हटलं, घराले आग लागली. तरी हो हो!" त्या हसल्या, आणि हसता हसता खिडकीबाहेर पाहू लागल्या.

मी शब्द दिला होता. पण समोर बसलेल्या बाईकडे पाहून मला राहवलं नाही. "ताई, त्यांनी मुद्दाम नाही केलं. त्यांना..."

"ऐकू येत नाई," कुसुमताई म्हणाल्या. "मले माहीत नाई असं वाटलं का तुमाले? माह्या बहिणीच्या लग्नात वाजंत्री वाजून राह्यली होती आन् हे मले म्हणे, वाजंत्री काहून आली नाई? तवापासून माहीत आहे."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"मी काहून बोलू? त्यायनं सांगावं ना. मी मुद्दाम पाठीमागून हाक मारे. वाटे, आज तरी वळून म्हणन, कुसुम, मले ऐकू आलं नाई. एकदा म्हणायले पायजे होतं. मी काय त्यायले टाकून देणार होती?" त्यांनी पदरानं चेहरा पुसला. "मंग पोरगा म्हणे, आई चाल. मी गेली. जातो म्हणून सांगतलं. हो हो म्हणे."

त्या गेल्यावर मी वर्कशॉपमध्ये गेले. सर तार गुंडाळत होते. मी त्यांच्या समोर बसले, ओठ दिसतील अशी, आणि सांगितलं. शब्द मोडला हेही सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"कवापासून माहीत आहे तिले?"

"त्यांच्या बहिणीच्या लग्नापासून."

त्यांनी मनातल्या मनात वर्षं मोजली असावीत. मग रीळ खाली ठेवलं. "मी तं कुसुम नाराज होईल म्हणून सांगतलं नाई," ते म्हणाले. "मले वाटे, बहिऱ्याची बायको म्हणतीन तिले." आणि तारेचं सुटं टोक बोटाला गुंडाळत, "मंग कुसुम मांगून हाक मारे म्हणता, ते कायले मारे?"



शनिवारी ते अकोल्याला गेले. सोमवारी साडेदहाला कुलूप काढायला हजर. मी विचारलं, "काय झालं?"

"ते बोलली," सर म्हणाले. "लय बोलली. मले आर्धंमुर्धं ऐकू आलं. जिथं नाई आलं तिथं म्हटलं, पुन्हा सांग. तं रडली. मंग पुन्हा सांगतलं."

"येणार का इकडे?"

"नाई. नातू लहान आहे. आन् तिले आता तिकडची सवय झाली."  बाही दुमडली, डावा हात खिशात घातला आणि कामाला लागले. मात्र त्यानंतर दर शनिवारी ते अकोल्याला जाऊ लागले, सोमवारी परत. पुढच्या वर्षी त्यांचा वर्ग बंद झाला आणि ते निवृत्तही झाले, पण राहिले दारव्ह्यातच. निरोपाचं भाषण कुणीतरी माइकवरून वाचलं. सर पहिल्या रांगेत बसून वाचणाऱ्याच्या ओठांकडे पाहत होते. मला यवतमाळला दुसरी नोकरी मिळाली. पत्र लिहीन म्हटलं होतं, दोन लिहिली. त्यांचं एक आलं, त्यात मजकूर थोडा आणि सर्किट मोठं.

चार-पाच वर्षांनी, एका सोमवारी, मी अकोल्याहून परतत होते. दुपारची यवतमाळची एसटी, व्हाया कारंजा-दारव्हा. खिडकीशी जागा मिळाली आणि बाहेर पाहिलं तर फलाटाच्या बाकावर सर बसलेले. केस पूर्ण पांढरे, पायाशी कापडी पिशवी. शेजारी कुसुमताई. त्यांच्या मांडीवर कागदात भाजलेल्या शेंगा. त्या शेंग फोडत, दाणे सरांच्या तळहातावर ठेवत. सर एकेक दाणा तोंडात टाकत समोर कुठेतरी पाहत होते. 

कर्ण्यावरून आमच्या गाडीचा पुकारा झाला. दारव्ह्याचं नाव दोनदा घेतलं. सरांची मान हलली नाही. मी हाक मारायला खिडकीतून हात बाहेर काढला.

कुसुमताईंनी पुकारा ऐकला होता. त्यांनी मान वर करून गाडीवरची पाटी वाचली, चढणाऱ्या माणसांकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. मी हात आत घेतला. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी मागे सरकून वळेपर्यंत मला ती दोघं दिसत होती. कुसुमताईंनी कागदातून दुसरी शेंग उचलली, फोडली, आणि काही न बोलता दाणे त्यांच्या हातावर ठेवले.